युरोपच्या आधी डहाणू-तलासरी

पुढच्या मे महिन्यात, इन्शाअल्लाह, आम्ही चौघे युरोपला जायचं म्हणतो आहोत. कुर्तुबा, गरनाता आणि पॅरिस. कित्येक वर्षं पगारातून बाजूला टाकलेले पैसे आहेत, त्यामुळे तिथला एकेक दिवस मोलाचा. अडचण एकच: म्युझियम म्हटलं की मुलांना जांभया येतात. "हात लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, मग जायचं कशाला?" हा थोरल्याचा सवाल. धाकटी त्याचीच री ओढते.

आम्ही दोघंही शिक्षक. सवालात तथ्य आहे, हे आम्हाला कळतं. काचेआडची वस्तू कुणाच्या घरातून आली हे ठाऊक नसेल, तर ती मुलांना मुकीच वाटणार. म्हणून आधी वस्तूचं घर दाखवायचं ठरवलं आणि हिवाळ्यात दोन दिवस डहाणू-तलासरीला गेलो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं 1989 मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात लागली होती. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; 2018 मध्ये ते वारले.

चर्चगेटहून डहाणू रोडपर्यंत 2013 पासून लोकल धावते. तिथून रिक्षानं एका पाड्यावर गेलो. कुडाची भिंत, त्यावर शेणा-गेरूचा हात, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि बांबूची काडी. एवढंच सामान. घरातल्या मावशींनी मुलांच्या हातात काडी दिली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो, हे कळल्यावर दोघं तासभर जागची हलली नाहीत. लग्नात काढायचा चौक पूर्वी सवाशिणीच रंगवत. त्यात पालघाट देवी असते. ती त्यांची श्रद्धा, आपण अदबीनं पाहावी, एवढं मुलांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोलवडच्या चिकूवाड्या पाहिल्या. इथल्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मग तलासरीकडे वळलो. याच तालुक्यातल्या झरीला मे 1945 मध्ये हजारो आदिवासी जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साथीनं त्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्या काळी लग्नासाठी कर्ज काढलेला माणूस सावकाराकडे राबत राही. त्याला 'लग्नगडी' म्हणत. हे ऐकून थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपण काल लग्नाचं चित्र पाहिलं, त्याच लग्नापायी माणूस गुलाम व्हायचा? पॅरिसच्या प्रदर्शनात हे लिहिलं असेल का?"

त्या सवालावरच आम्ही युरोपचा बेत आखला. दिवसाला एकच म्युझियम, तेही तासभर. लूव्रमध्ये 18 वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, त्यामुळे कंटाळली तर बाहेर पडता येईल. मात्र मंगळवारी ते बंद असतं. प्रत्येकानं आधी एक वस्तू निवडायची आणि ती कुणी घडवली, कुणासाठी, त्या घडवणाऱ्याच्या पदरात काय पडलं, हे शोधायचं. कुर्तुब्याच्या मशिदीच्या अंगणात संत्र्याची झाडं आहेत. चिकूवाडीत रमलेली मुलं तिथेही रमतील. गरनात्याच्या अलहम्ब्रातल्या फरशांवरचे आकार वहीत उतरवायचे. मे महिन्यात पॅरिसला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. मगरिबलाच इतका उशीर होतो, म्हणून दुपारी विश्रांती ठेवली आहे. व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतो, तो खर्च आधीच धरावा.

ज्यांचा युरोपचा योग नाही, त्यांनी मुलांना घेऊन डहाणू-तलासरीचे हे दोन दिवस तरी जरूर काढावेत. लोकलच्या तिकिटात मुलं पाहायला शिकतात, आणि काय विचारायचं तेही.