मालकी आमची, वापर त्यांचा

आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत नोकरीनिमित्त बडोद्यास आले. दांडिया बाजारातील वाड्यात घराण्याच्या चार पिढ्या भाड्याने नांदल्या. स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन मात्र कोणाच्याच नशिबी नव्हती. 2018 साली महसूल खात्यातून निवृत्त झाल्यावर आम्ही शहराबाहेर एक बैठे घर घेतले. पुढे अंगण, मागे बारा फूट मोकळी जागा. वाड्यातील जुन्या आंब्याच्या कोयीचे रोप तेथे लावायचे, असे सौभाग्यवतींनी पाहताक्षणी ठरवून टाकले.

आयुष्यभर परक्यांचे सात-बारा तपासणाऱ्या आम्ही स्वतःचा उतारा मात्र खरेदीखत झाल्यावर सावकाश वाचला. इतर हक्कांच्या रकान्यात वायुवाहिनीसाठी वापरहक्काची नोंद होती. मागच्या झुडपात शिरून पाहिले, तो पिवळा खुंटही सापडला.

1962 चा एक केंद्रीय कायदा आहे. त्यान्वये पेट्रोलियमच्या वा वायूच्या वाहिनीसाठी जमीन संपादन करीत नाहीत. तिच्या वापराचा हक्क तेवढा घेतात. मालक मालकच राहतो. पण त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. वापरहक्काची भरपाई बाजारभावाच्या दहा टक्के. तीही अधिसूचनेच्या वेळच्या मालकाला; मागाहून घेणाऱ्याच्या वाट्याला उरते ते बंधन.

हे सारे आम्हांस मुखोद्गत होते. 1997 साली तालुक्याच्या कचेरीत असताना एक वृद्ध शेतकरी अशीच नोटीस घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. हरकतीचे एकवीस दिवस उलटून गेले होते. त्याने विचारले, "साहेब, जमीन आता माझी की त्यांची?" आम्ही कागदावरून मान वर न करता सांगितले, "मालकी तुमचीच. फक्त वापर त्यांचा." तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "मग मी तिथे आंबा लावू?" आम्ही पुढचा अर्ज हाती घेतला.

घरी सौभाग्यवतींना सारे समजावून सांगितले. त्यांनी रोपाच्या कुंडीकडे पाहत एवढेच विचारले, "म्हणजे जागा आपली ना?" ओठांवर आलेले ते जुने वाक्य आम्हांला उच्चारवेना. वाक्यात चूक काहीच नव्हती. कायद्याने ते आजही बरोबर आहे. त्या म्हाताऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही दिले नव्हते, आणि ते देण्यास एक शब्द पुरला असता.

गॅस गावोगावी जायला हवा. आमच्याही चुलीला तो लागतो. तक्रार वाहिनीबद्दल नाही. जमीन घेणाऱ्याने बयाणा देण्यापूर्वी इतर हक्कांचा रकाना वाचावा आणि जागेवर जाऊन खुंट शोधावा, एवढे सांगणे आमच्या खात्यास शोभेल. पण खुर्चीवर बसलेल्यांना आमचे निराळे सांगणे आहे: समोरचा माणूस दुसरा प्रश्न विचारील तेव्हा मान वर करावी.

मागे आता मेथी, कोथिंबीर होते. आंबा पुढच्या अंगणात, फाटकापाशी लावला. जागा अपुरी आहे, पण तेथे कोणाचा खुंट नाही.