सोलमधली खाला

सोलला जायचं ठरलं तेव्हा अब्बांचा पहिला प्रश्न होता, “तिथं खाशील काय?” भाषा कोणती, विद्यापीठ कोणतं, हे सगळं नंतर. कोरियन शिकून पुढं काय, याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. रांजणगाव आणि तळेगावला कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत, तिथं दुभाषे लागतात. पण खाण्याच्या प्रश्नाला मी नुसतं “बघू” म्हणाले. अम्मीनं बॅगेत चटणीचे चार डबे भरले.

सिन्चोन हा सोलमधला विद्यार्थ्यांचा भाग. योन्से, इव्हा आणि सोगांग ही तीन विद्यापीठं चालत जाण्याच्या अंतरावर, मध्ये पुस्तकांची दुकानं, चहा-कॉफी आणि खाणावळी. आपल्या फर्ग्युसन रस्त्याची आठवण यावी असा गजबजाट. परदेशी विद्यार्थ्यांना कोरियन शिकवण्याचं काम योन्सेमध्ये १९५९ पासून चालू आहे. आमच्या वर्गाचा हिशेब साधा होता. रोज ४ तास, आठवड्याला ५ दिवस, असे १० आठवडे. म्हणजे २०० तासांची एक पायरी, आणि अशा ६ पायऱ्या. मी पहिलीवर.

लिपी चार दिवसांत आली. ही माझी हुशारी नव्हे. हांगुल लिपी राजा सेजोंगनं १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये प्रजेला दिली, ती साध्या माणसाला वाचता यावं म्हणूनच. ‘क’ लिहायचा तर घशाकडं वळलेल्या जिभेचा आकार, ‘म’ म्हणजे मिटलेलं तोंड. अक्षरात एक रेघ वाढवली की अल्पप्राणाचा महाप्राण. शाळेत कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य घोकलेल्या मराठी मुलीला हे समजायला कितीसा वेळ लागणार? शेजारची फ्रेंच मुलगी ‘क’ आणि ‘ख’मध्ये रोज अडखळायची, तेव्हा मला आमच्या मराठीच्या बाई आठवायच्या. वाक्यही आपल्यासारखंच. ‘नानुन चिबे कायो’ म्हणजे मी घरी जाते. शब्दाखाली शब्द ठेवून बघा, क्रियापद शेवटीच.

माझ्या नावाची मात्र गंमत झाली. कोरियनमध्ये इंग्रजीतला ‘एफ’ही नाही आणि ‘झेड’ही नाही. त्यामुळं फरजानाची ‘फारुजाना’ झाले. फणसातला फ आणि जिलबीतला ज.

आता खाण्याचं. वर्गाच्या फाटकासमोर एक बाई किंबाप विकायची. भात आणि भाज्या समुद्री शेवाळाच्या पातळ पानात गुंडाळून कापलेल्या चकत्या, म्हणजे किंबाप. पहिल्या आठवड्यात मी पाठ करून गेले, “मी मांस खात नाही.” ती हसून “बरं” म्हणाली. पहिली चकती तोंडाजवळ नेली तर मध्ये गुलाबी पट्टी. हॅम! तिनं फसवलं नव्हतं. तिच्या लेखी मांस म्हणजे तव्यावर भाजतात ते, हॅम ही किंबापमधली एक वस्तू. मी ते कागदात गुंडाळून ठेवलं आणि खोलीवर येऊन भात-चटणी खाल्ली. त्या रात्री अब्बांना फोनवर “छान जेवले” असं सांगितलं, ते अजून मनाला लागतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना वर्गात विचारलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, “हेम प्पे जुसेयो.” हॅम काढून द्या. आणि वर सांगितलं की खाणावळीतल्या बाईला ‘इमो’ म्हणायचं. इमो म्हणजे आईची बहीण. आपली खाला!

पुढचे आठवडे मी आदरार्थी रूपांशी झगडत होते. आपल्याकडं तू, तुम्ही, आपण आहे. तिथं क्रियापदाच्या शेपटीलाच आदर बांधलेला. बरोबरीच्या माणसाला जेवण विचारताना ‘पाप’ म्हणजे भात, पण आजोबांच्या जेवणाला शब्दच वेगळा, ‘चिंजी’. देणंघेणं दोन्ही हातांनी. सत्राच्या मध्यावर वर्गाचं एकत्र जेवण होतं आणि वयानं मोठ्या माणसानं पुढं केलेला सोजूचा पेला नाकारणं उद्धटपणा समजतात. मी दोन्ही हात जोडून, सगळ्यात लांब शेपटीचं क्रियापद लावून “माझ्या धर्मात चालत नाही” म्हणाले. वाक्य चुकलं असावं, पण त्यांनी निमूट पाणी ओतून दिलं.

शनिवारी मी दोन नंबरची मेट्रो, मग हाप्चोंगला बदलून सहा नंबर, अशी इथेवॉनला जायचे. तिथल्या चढावर १९७६ साली उघडलेली सोलची मोठी मशीद आहे. कोरियन युद्धात आलेल्या तुर्की सैनिकांमुळं इथं पुन्हा इस्लामची ओळख झाली. पुन्हा म्हणण्याचं कारण नंतर कळलं. सेजोंगच्या दरबारात मुसलमान होते, समारंभात राजासाठी दुआ करत. १४२७ मध्ये त्याच राजाच्या हुकुमानं त्यांचा वेगळा पेहराव आणि ती दुआ बंद झाली. पुढं त्याच्याच विद्वानांनी मुस्लिम खगोलगणितावर एक पंचांगही रचलं. ग्वांगह्वामुनच्या चौकात त्याचा बसलेला मोठा पुतळा आहे. डोक्यावरची ओढणी सावरत मी त्याच्यापुढं बराच वेळ उभी होते. त्याचीच लिपी शिकत होते, त्याच्यावर रागावताही येईना.

इमोला हळूहळू सगळं सांगता आलं. नुसतं हॅम काढून भागत नाही, सुरीही तीच नको. तिनं मान हलवली. नंतर सकाळी पाट आणि सुरी धुतली की पहिला किंबाप माझा. अंडं, पालक, गाजर आणि पिवळा मुळा. मी तिला अम्मीची शेंगदाण्याची चटणी दिली. दोन्ही हातांनी घेतली आणि खाऊन डोळ्यांत पाणी आणलं.

नोव्हेंबरच्या शेवटी, परीक्षेच्या दिवशी, मी घाईत तिच्यासमोरून जात होते. तिनं आतून हाक मारली, “फारुजाना, पाप मॉगॉस्सॉ?” जेवलीस का? मी “हो” म्हणून पळाले. पायऱ्या चढताना एकदम लक्षात आलं. इतके दिवस ती ‘मॉगॉस्सॉयो’ म्हणायची. आज शेवटचा ‘यो’ नव्हता.