अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न

गणिताच्या प्राध्यापकाला एक खोड फार लवकर जडते. विद्यार्थ्यानें अडचणीचा प्रश्न विचारला कीं, तो अभ्यासक्रमांत नाहीं असें सांगून मोकळें व्हावयाचें! आम्हांसहि ती जडली होती. तीसएक वर्षांपूर्वीं, आम्ही नुकतेच वर्गावर उभे राहूं लागलों होतों त्या काळीं, एका मुलानें क्वाटर्नियनांविषयीं विचारलें. गणिताच्या इतिहासांतील एक गंमत, याहून त्यांना महत्त्व नाहीं, असें उत्तर देऊन आम्हीं फळा पुसला. मुलगा खालीं बसला. पुन्हां त्यानें कांहीं विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

उत्तर अगदींच निराधार नव्हतें, हें आमच्या बचावाकरितां नमूद केलें पाहिजे. १६ ऑक्टोबर १८४३ रोजीं डब्लिन येथें रॉयल कालव्याच्या कांठानें पत्नीसह चालत असतां विल्यम रोवन हॅमिल्टन यास ही चार पदांची संख्या सुचली, आणि आनंद न आवरून त्यानें ब्रूम पुलाच्या दगडावर तिचें सूत्र कोरलें. तीं अक्षरें आज उरलेलीं नाहींत. १९५८ सालीं तेथें एक स्मृतिफलक बसविण्यांत आला. सूत्राचीहि गत पुष्कळ काळ त्या अक्षरांसारखीच झाली. शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत गिब्ज व इंग्लंडांत हेविसाइड यांनीं सदिशांची सुटसुटीत पद्धति पुढें आणली, पदार्थविज्ञानानें तीच उचलली, आणि हॅमिल्टनचीं अखेरचीं बावीस वर्षें जिच्यापायीं खर्ची पडलीं ती विद्या अडगळींत गेली.

ती अडगळ आमच्या कन्येनें आमच्याच बैठकीच्या खोलींत आणून मांडली. संगणकावरील खेळ तयार करणें हा तिचा व्यवसाय. या मंडळींच्या बोलण्यांत 'लायब्ररी' हा शब्द वारंवार येतो, आणि आमच्या डोळ्यांपुढें पिवळीं पडलेलीं पुस्तकें उभीं राहात. ही लायब्ररी निराळी. कोणी एकदां काळजीपूर्वक लिहून ठेविलेलें गणित इतरांनीं आपापल्या प्रोग्रॅममध्यें आयतें घ्यावयाचें, तिचें नांव लायब्ररी. जीएलएम ही अशांपैकींच एक. पडद्यावरील दृश्य सेकंदाला साठ वेळां नव्यानें काढावयाचें म्हटलें, तर एका चित्राच्या वांट्याला १७ मिलिसेकंदहि येत नाहींत. तेवढ्यांत हजारों बिंदूंचीं स्थानें मॅट्रिक्सनें गुणून काढावयाचीं आणि आदळणाऱ्या वस्तूंचे वेगहि मोजावयाचे! आमचे विद्यार्थी ज्या गुणाकाराला परीक्षेंत दहा मिनिटें घेतात तो हाच. आणि तेथें, सदिश व मॅट्रिक्स यांच्या शेजारीं, क्वाटर्नियन हें नांव ठसठशीत लिहिलेलें आम्हीं पाहिलें.

कारण समजून घेतलें. तीन कोनांनीं वस्तूची दिशा सांगूं गेल्यास, मधला कोन एका विशिष्ट स्थितीस पोंचला कीं पहिला व तिसरा हे दोन्ही अक्ष एका रेषेंत येतात, आणि वळण्याची एक दिशाच नाहींशी होते. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या दिशादर्शक यंत्रालाहि हा धोका होता. क्वाटर्नियनला तो नाहीं. शिवाय मॅट्रिक्सला नऊ आंकडे लागतात तेथें याचें काम चारांत भागतें. दोन वळणें एकत्र करावयास सत्तावीसांऐवजीं सोळा गुणाकार पुरतात. १९८५ सालीं केन शूमेक यांनीं संगणकचित्रें काढणाऱ्यांपुढें हा विषय मांडला. म्हणजे आम्हीं त्या मुलाला उत्तर दिलें तेव्हां त्या निबंधाला दहाएक वर्षें होऊन गेलीं होतीं!

एके रात्रीं कन्या त्रासून बसली होती. पडद्यावरील एका गलबतानें किंचित् डावीकडे वळावयाचें, तर मधूनच तें उजवीकडून जवळजवळ पूर्ण फेरा घालून त्या जागीं येई. "बाबा, तुमच्या गणितानें प्रदक्षिणेचा नवस बोललेला दिसतो," ती म्हणाली. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा क्रम चुकला असेल, असें आम्हीं छातीठोकपणें सांगितलें. (अज्ञान झांकावयाचें असलें कीं प्राध्यापकाचा आवाज विशेष खणखणीत होतो.) क्रम चुकलेला नव्हता. मग एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर आम्ही मांडूं लागलों, तेव्हां दीड तासानें उमगलें. क्वाटर्नियनमध्यें कोन निम्मा करून घालतात. त्यामुळें एक पूर्ण वेढा झाला कीं वस्तु पूर्वस्थितीस येते, पण चारहि आंकड्यांचीं चिन्हें उलटतात. एकाच दिशेला अशीं दोन नांवें असतात. आरंभाला एक नांव व शेवटाला दुसऱ्या बाजूचें नांव पडलें, कीं मधली वाट लांबची होते. एकाचें चिन्ह बदललें आणि गलबत निमूटपणें वळलें. जवळच्या वाटेचें साधन त्या लायब्ररींत आयतेंच होतें, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळलें!

एका वेढ्यानें चिन्ह उलटतें, हें मात्र तिला पटेना. तेव्हां आम्हीं पाण्याचें फुलपात्र तळहातावर घेतलें आणि तें न कलंडूं देतां काखेखालून एक वेढा फिरविलें. फुलपात्र होतें तसें आलें, हात पिळवटलेलाच राहिला. त्याच दिशेनें दुसरा वेढा डोक्यावरून दिला, तेव्हां हात सुटला. आमचा खांदा पुढें दोन दिवस दुखत होता.

तो मुलगा आज कोठें आहे, कोण जाणे. मला ठाऊक नाहीं, पाहून सांगतों, एवढें म्हणावयास त्या दिवशीं किती वेळ लागला असता? यंदा तास संपल्यावर, थांबूं इच्छिणाऱ्यांना थांबवून, आम्हीं हा विषय काढला. चौघे थांबले. फुलपात्राच्या जागीं उपाहारगृहांतील पेला आणविला होता. दुसऱ्या वेढ्याला पाणी हजेरीपटावर सांडलें, आणि एका मुलीनें आतां आपण करून पाहते म्हणून पेला मागितला.