'अजून' आणि 'हं'

आमची एक विद्यार्थिनी नोकरीच्या मुलाखतीत 'याह' म्हणाली. 'आय हॅव अप्लाइड टू मंथ्स अगो' असेही म्हणाली. तिने येऊन हे सांगितले तेव्हा आम्ही हसलो. ती हसली नाही. तिने एवढेच विचारले, "सर, 'अजून'ला इंग्रजीत काय म्हणतात?"

मराठीचे अध्यापक असूनही आम्ही अडखळलो. 'अजून पाऊस आहे' येथे 'स्टिल', 'अजून आला नाही' येथे वाक्याच्या शेवटी 'यट', आणि बोलीतल्या 'अजून एक पोळी'ला 'मोअर'. 'अगो' आले की इंग्रजीला साधा भूतकाळच लागतो. मराठीत 'दोन महिन्यांपूर्वी अर्ज केला आहे' बिनदिक्कत चालते. तिने मराठीची रीत इंग्रजीत पाळली होती. हे उलगडून सांगणे आमचेच काम होते, आणि आम्ही ते कधी केले नव्हते.

'याह'चे उत्तर तिच्या घरातच होते.

"आजोबांनी काही विचारले तर 'हं' म्हणतेस?"

"छे! 'हो' म्हणते."

"आणि मैत्रिणीला?"

"'हं'."

'याह', 'येप' ही इंग्रजीतली 'हं'. मुलाखतीत 'येस'च शोभते.

तिला नोकरी अजून मिळालेली नाही. हे 'अजून' कोणते, ते मात्र आता तिला ठाऊक आहे.