डेलिकेट म्हणजे नेमकं काय?

काही इंग्रजी शब्द आपण इतके सहज वापरतो की त्यांचा अर्थ कधी तपासून बघतच नाही. 'डेलिकेट' त्यातला एक. वॉशिंग मशीनवर डेलिकेटचं बटण असतं, मॅनेजर म्हणतो "मॅटर डेलिकेट आहे", आणि लग्नाच्या बाजारात मुलगी डेलिकेट असते. एकच शब्द, पण तीन ठिकाणी तीन कामं!

मुळात हा शब्द लॅटिन. 'डेलिकाटुस' म्हणजे सुखावणारं, लाडावलेलं. इंग्रजीत चौदाव्या शतकात आला तेव्हाही अर्थ चैनीचा, खाण्यापिण्याच्या सुखाचाच होता. 'डेलिकसी' म्हणजे खास पदार्थ, किंवा अमेरिकेतलं 'डेली' नावाचं सँडविचचं दुकान, ही सगळी त्याच घरातली मंडळी. लवकर बिघडणारं, तब्येतीनं अशक्त वगैरे अर्थ मागाहून चिकटले.

'फ्रॅजाईल'चं खानदान वेगळं. त्याच्या मुळाशी मोडणं आहे. फ्रॅक्चर, फ्रॅक्शन, फ्रॅगमेंट हे त्याचेच भाऊबंद. म्हणून खोक्यावर फ्रॅजाईल छापतात, डेलिकेट नाही. काच फ्रॅजाईल असते, कारण ती फुटते. रेशमी साडी डेलिकेट असते. ती फुटत नाही, तिची रया जाते. आमच्या धंद्यातसुद्धा एक ओळ बदलली की चार ठिकाणी मोडणारा कोड फ्रॅजाईलच. त्याला डेलिकेट म्हणणं म्हणजे उगाच लाड.

आणि मराठी? आपल्याकडे तर चंगळ आहे. कापड तलम, पालवी कोवळी, मन हळवं, हाड ठिसूळ, बाळाचे गाल लुसलुशीत. आणि तब्येत? ती तोळामासा! बारा माशांचा एक तोळा. सोनाराच्या काट्यावरची मापं आपण थेट माणसाच्या प्रकृतीला लावली. फारसीतून आलेला 'नाजूक' मात्र डेलिकेटसारखाच सगळीकडे चालतो. कंबरही नाजूक आणि परिस्थितीही नाजूक.

गडबड होते ती इथेच. दोन वर्षांपूर्वी आजी आयसीयूत होती. डॉक्टर बाहेर आले, "शी इज व्हेरी डेलिकेट" म्हणाले आणि निघून गेले. बाबांनी विचारलं, "काय म्हणाले रे?" मी म्हटलं, "नाजूक आहे म्हणाले." बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "नाजूक? ती कधी होती नाजूक?" खरंच होतं. पन्नास वर्षं विहिरीचं पाणी ओढलेली बाई ती. बाबांना त्या शब्दात धोका ऐकूच आला नाही.

मी डॉक्टरांच्या मागे गेलो आणि म्हटलं, "साध्या मराठीत सांगा ना, नातेवाईकांना बोलावू का?" ते थांबले आणि म्हणाले, "हो. आजच बोलवा." त्याच रात्री काका आणि दोन्ही आत्या निघाल्या. सकाळी आजीनं सगळ्यांना ओळखलं. दुपारी ती गेली.

डॉक्टरांवर राग नाही. वाईट बातमी सांगणाऱ्याला असा मऊ शब्द लागतोच, कारण त्यामागे त्यालाही जरा लपता येतं. पण ऐकणाऱ्याला त्यातून काय करायचं ते कळत नाही. 'फुटेल' म्हटलं की माणूस हात पुढे करतो. 'नाजूक आहे' म्हटलं की नुसता बघत राहतो.

तेव्हापासून एक सवय लागली आहे. मीटिंगमध्ये कुणी "सिच्युएशन डेलिकेट आहे" म्हणालं की मी विचारतो, "म्हणजे काय मोडणार आहे? कधी? आणि आपण काय करायचं?" लोकांना जरा उद्धट वाटतं. वाटू दे. साडी, सुगंध आणि पहिलं प्रेम यांच्यासाठी डेलिकेट हा झकास शब्द आहे, तो तिथेच शोभतो. बाकी ठिकाणी सरळ क्रियापद वापरावं.

असो. चहा गार होतोय.