खरखर

आमच्या इंदिरानगरात सकाळी तीन प्रकारचे आवाज होतात. एक दूधवाल्याच्या मोटारसायकलचा, दुसरा शेजारच्या कुकरचा आणि तिसरा आमच्या अप्पांच्या ट्रान्झिस्टरचा. पैकी पहिले दोन समजतात.

अप्पांना पुणे केंद्र लागतं. नाशिकला स्वतःचं आकाशवाणी केंद्र आहे, एफएमवर १०१.४ ला काचेसारखं स्वच्छ ऐकू येतं. ९०.८ ला 'रेडिओ विश्वास' आहे. पण नाही! अप्पा मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्‌झ शोधणार. काटा एक केस इकडे सरकला की शिट्टी आणि तिकडे सरकला की खरखर. या दोहोंच्या मधोमध पुणे वसलेलं आहे.

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. मुंबई दूरदर्शनही २ ऑक्टोबरचंच, १९७२ चं. सरकारला जी चांगली कामं सुचतात ती बँकेला सुटी असताना सुचतात, असा माझा बावीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव आहे. विविध भारती तेवढी १९५७ साली ३ ऑक्टोबरला सुरू झाली. एक दिवस उशीर, म्हणजे खरी सरकारी तीच.

"अप्पा, एफएम लावू का? खरखर नाही येणार," मी विचारतो.

"तुमचं एफएम सरळ रेषेत जातं. डोंगर आडवा आला की संपलं. मिडियम वेव्ह जमिनीला धरून चालते. आणि रात्री तर वर आयनांबरावर आपटून कुठच्या कुठे पोचते."

हे खरं आहे. दिवसा या लहरींना शोषून घेणारा वातावरणातला थर सूर्य मावळल्यावर विरतो आणि लांबलांबची केंद्रं येऊन दाटीवाटीने बसतात. एकदा रात्री अप्पांचं कीर्तन चालू असताना मधेच कुठल्याशा परभाषेतला इसम तावातावाने बोलू लागला. "निरूपण करतोय," अप्पा म्हणाले. आमच्या घरात भांडण होतं तेही असंच ऐकलं जातं.

शेवटी सौ.ने उपाय काढला. मोबाईलवर आकाशवाणीचं अ‍ॅप घेतलं, पुणे लावलं आणि अप्पांपुढे धरलं. आवाज कसा, तर निवेदिका आमच्या न्हाणीघरात उभी असावी! अप्पांनी नीट ऐकून घेतलं. मग घड्याळाकडे पाहिलं. ट्रान्झिस्टरवर ठोके पडले तरी मोबाईलवर अजून जाहिरातच चालू होती.

"सूनबाई, हे पुणं अर्धा मिनिट शिळं आहे," एवढं बोलून त्यांनी मोबाईल परत केला.

जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. पेपरात वाचून मी सहज अप्पांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी चहा तसाच गार झाला. संध्याकाळी एकदम म्हणाले, "तिथला माणूस भाटघरचं पाणी सांगेल का रे?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. आमच्या आईचं माहेर भोरचं. भाटघर धरण तिथलं. लग्न होऊन नाशिकला आली तरी पावसाळ्यात पुण्याच्या बातम्यांना ती हातातलं पोळपाट-लाटणं थांबवायची. गंगापूर धरणात किती पाणी आहे ते आमच्या नळाला विचारलं तरी कळतं. भाटघरचं मात्र पुण्याने सांगितलं तरच कळणार. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. इतकी वर्षं जमाखर्च जुळवून पोट भरणाऱ्या माणसाला घरातली एवढी साधी नोंद दिसली नव्हती!

विरोध झाला आणि तो आदेश स्थगित झाला. अप्पांनी मला पेढे आणायला लावले. कशाचे, ते सौ.ला सांगितलं नाही.

परवा जोराचा पाऊस होता. खरखरीतून पुणे चाचपडत आलं. "...भाटघर..." एवढंच कळलं, पुढचं शिट्टीत गेलं. मी काटा सरकवायला हात पुढे केला.

"राहू दे," अप्पा म्हणाले आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून सांगितलं, "भरलंय हो."

त्या दिवशी बोगद्यातल्या गर्दीत अडकून बँकेत लेटमार्क लागला. कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, "भोरला पाऊस होता."