टेम्सकाठची दैनंदिनी : चार पक्ष्यांचा कोट

बुधवार, लंडन

शेफर्ड्स बुशच्या गोल्डहॉक रोडवर कापडाची दुकानं एकाला एक लागून आहेत. दुपारभर तागे चाचपून शेवटी गर्द हिरवी मखमल घेतली, अस्तराला निळं सॅटिन. शनिवारी ऑक्सफर्डला ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या नावानं होणारा ‘ॲलिस डे’ आहे. तिथे मला स्वतः शिवलेला कोट घालून जायचंय.

निळ्या फ्रॉकमधल्या ॲलिस आणि उंच टोपीवाले तिथे पुष्कळ भेटतील. मला हवी आहे ती होडी. ४ जुलै १८६२ ला ख्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारा चार्ल्स डॉजसन, त्याचा मित्र रॉबिन्सन डकवर्थ आणि कॉलेजचे डीन लिडेल यांच्या तीन मुली फॉली ब्रिजपासून गॉडस्टोपर्यंत नदीतून गेले. लॉरिना तेरा वर्षांची, ॲलिस दहाची, ईडिथ आठची. डॉजसन वल्हवता वल्हवता गोष्ट रचत होता. ॲलिसनं हट्ट धरला म्हणून ती कागदावर उतरली, आणि १८६५ मध्ये लुईस कॅरल या नावानं छापून आली. अश्रूंच्या तळ्यातून भिजून बाहेर येणाऱ्या पक्ष्यांमध्ये त्यानं होडीतली मंडळी बसवली आहेत: बदक म्हणजे डकवर्थ, लॉरी पोपट म्हणजे लॉरिना, गरुडाचं पिल्लू म्हणजे ईडिथ आणि डोडो तो स्वतः. हे चौघं कोटावर, आणि अस्तर म्हणजे नदी.

गुरुवार, हाऊन्स्लो

मावसबहिणीच्या जेवणाच्या टेबलावर बेतणं. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर अडते. सगळे भाग एकाच दिशेनं कापले नाहीत तर पाठ एका रंगाची आणि बाही दुसऱ्या रंगाची दिसते. मी लव वरच्या दिशेला ठेवली. हिरवा रंग आणखी गडद होतो.

मशीनखाली मखमलीचे दोन थर एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे प्रत्येक शिवण आधी हातानं कच्च्या टाक्यांनी धरली. मुंढ्याला तर दोनदा. “ताई, नुसत्या टाचण्या लावून होत नाही का गं?” बहीण विचारत होती. नाही होत. टाचणीचा डागही लवेवर राहतो. इस्त्री फक्त उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल घालून, वाफेवर.

शुक्रवार

पक्षी. रेशमी दोरा मखमलीत बुडून जातो, म्हणून फेल्टचे तुकडे कापून वरून काठाला टाके घातले. डोडोची चोच सर्वांत अवघड. तिचा आकडा नीट आला नाही की टर्की दिसते. कडेला पिवळी पायपिंग लावली, तीही मुद्दाम. १८९० च्या ‘नर्सरी ॲलिस’ या आवृत्तीत पुस्तकाचा चित्रकार टेनिएल याची चित्रं रंगीत छापली गेली, त्यात ॲलिसचा फ्रॉक पिवळा आहे. मूळ पुस्तकातली चित्रं काळी-पांढरीच होती.

शनिवार, ऑक्सफर्ड

जुलैत मखमल म्हणजे घाम. कोट उघडाच ठेवला, त्यामुळे चालताना नदी दिसत राहिली. आधी नॅचरल हिस्टरी म्युझियम. तिथे खऱ्या डोडोचे अवशेष आहेत, त्याचं डोकं आणि पाय. डॉजसन या मुलींना तिथे घेऊन यायचा. काचेपुढे बराच वेळ उभी राहिले. माझ्या डोडोची चोच थोडी आखूड झाली आहे, पण ओळखू येते.

सेंट ॲल्डेट्सवरच्या ॲलिस शॉपबाहेर एका छोट्या मुलीनं कोटावर बोट ठेवून विचारलं, “ॲलिस कुठेय?”

“होडीत बसलीय. गोष्ट ऐकतेय.”

तिनं अस्तर उलटून पाहिलं आणि आईला हाक मारली. मग मी तिला एकेक पक्षी सांगत बसले. मागे रांग अडली, तरी कुणी हटकलं नाही. पिल्लू म्हणजे ईडिथ, हे तिला फार आवडलं. ईडिथ होडीतल्या बहिणींत धाकटी, तशी ही मुलगी घरात धाकटी होती.

फॉली ब्रिजवर पोचेपर्यंत ऊन कलतीला लागलं होतं. गॉडस्टो उद्या, पायी, पोर्ट मेडोच्या काठानं. वाटेत बिन्सी गावातली, पुस्तकातल्या काकवीच्या विहिरीशी जोडली जाणारी विहीरही पाहायची आहे.